संप बंद, मग पगाराचं गाऱ्हाणं ऐकणार कोण? विधिमंडळाच्या सदस्यांना एका निवृत्त वायरमनचं खुलं पत्र

महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

मी मनमाडचा. विजेच्या खांबांवर छत्तीस वर्षं काढली आणि 2020 च्या जूनमध्ये, ऐन कोरोनात, सत्काराशिवाय निवृत्त झालो. (सत्काराचं दुःख नाही. नारळ नंतर घरपोच आला.) आता वेळच वेळ आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल.

7 मे 2025 ला देशातल्या 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांत युद्धाची रंगीत तालीम घ्यायचं ठरलं, ते तुम्हाला आठवत असेल. महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर यांच्या जोडीला मनमाडचंही नाव होतं. त्या संध्याकाळी टपरीवर आमच्या जुन्या सबस्टेशनवरचा एक पोरगा भेटला. ठेकेदाराकडून लागलेला, म्हणजे कागदोपत्री बाह्यस्रोत कामगार. खांबावर चढला की मात्र नुसता वायरमन. चहा फुंकत त्यानं विचारलं, "काका, खरंच लढाई लागली तर आपल्याला रजा नाही, संपही नाही. ते ठीक आहे. पण महागाई वाढली आणि पगार पुरेना, तर सांगायचं कुणाला?"

मी हसून वेळ मारून नेली. उत्तर माझ्याकडे नव्हतं. नंतर वाचनालयात बसून, मोबाईलवर शोधून, जुन्या युनियनवाल्यांना विचारून जे हाती लागलं, ते तुमच्यासमोर ठेवतो. तुमच्यापुढेच का, तर कायदा तुम्ही करता.

मला जे सापडलं ते थोडक्यात असं. गेल्या मोठ्या युद्धात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, ज्या सरकारांनी कामगारांचा संप काढून घेतला, त्यांनी त्या बदल्यात गाऱ्हाणं ऐकणारी जागा दिली होती. ती पुरेशी होती असं मी म्हणत नाही. पण होती. आपण काढून घेण्याचा भाग सांभाळून ठेवला आणि देण्याचा भाग वाटेत सांडला.

आमच्या घरात ही गोष्ट 'लढाईचे दोन आणे' म्हणून सांगितली जायची. आजोबा परळला गिरणीत होते. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि धान्याचे भाव चढले. मुंबईच्या गिरणी कामगारांचा प्रश्न न्यायमूर्ती रांगणेकर यांच्या सलोखा मंडळापुढे गेला, आणि मंडळानं दिवसाला दोन आणे महागाई भत्ता सुचवला. कामगारांना ते पटलं नाही. मार्च 1940 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं गिरण्यांबाहेर पडली आणि संप सुमारे चाळीस दिवस चालला. आजोबांचा राग शेवटपर्यंत गेला नाही. म्हणायचे, "दोन आण्यांत काय येतं? पण लढाईमुळं भाव वाढले हे सायबानं कागदावर कबूल केलं, ते त्या दोन आण्यांत."

महागाई भत्ता आज तुमच्या सचिवांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना मिळतो. त्याची जडणघडण युद्धाच्या बाजारभावात झाली. दिवाळीच्या बोनसचंही तेच. 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात, गिरण्यांनी पगाराच्या दहा टक्के 'युद्ध बोनस' दिला, तिथून तो आला. वेतनातल्या ज्या दोन गोष्टी घरातल्या बाईला तोंडपाठ असतात, त्या दोन्ही लढाईच्या दिवसांतल्या.

मग 1941 मध्ये अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम निघाला. हे मेस्माचे, म्हणजे संपाला बंदी घालणाऱ्या आपल्या महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायद्याचे, पणजोबा. सरकारनं अत्यावश्यक ठरवलेल्या सेवेतून परवानगीशिवाय काम सोडून जायचं नाही, असा त्याचा रोख. पुढं जानेवारी 1942 मध्ये भारत संरक्षण नियमांत 81-अ हा नियम घातला गेला. मी तो तीनदा वाचला, कारण त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. सरकार संपाला मनाई करू शकतं, आणि तंटा निवाड्यासाठी सोपवून तो निवाडा मालकालाही बंधनकारक करू शकतं. गोऱ्या सरकारनं कामगारांच्या प्रेमापोटी हे केलं नाही. त्याला दारूगोळा आणि रेल्वे चालू हवी होती. पण एका हातानं घेताना दुसरा हात रिकामा ठेवून चालणार नाही, इतकी अक्कल त्याला होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि जून 1946 पर्यंत ते खातं त्यांच्याकडे राहिलं. 7 ऑगस्ट 1942 ला दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार अशी त्रिपक्षीय परिषद भरली. त्याच दिवशी मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीची बैठक सुरू होत होती, त्यामुळं दिल्लीतल्या या बैठकीकडे इतिहासाचं लक्ष जरा कमीच गेलं. मला भावलं ते वेगळंच. बाबासाहेबांच्या त्या खात्यात विजेचं धोरणही होतं. कामगार आणि वीज एका टेबलावर, एका माणसापुढे. आज ऊर्जा खातं एका मजल्यावर, कामगार खातं दुसऱ्या मजल्यावर, आणि वायरमन जिन्यात.

अमेरिकेचं प्रकरण मला जास्त शिकवून गेलं. तिथं पर्ल हार्बरवर जपाननं हल्ला केल्यानंतर लगेच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मालक आणि संघटना यांना एकत्र बसवलं. युद्ध संपेपर्यंत संप नाही, टाळेबंदी नाही, तंटे मंडळाकडे, असं ठरलं. 12 जानेवारी 1942 ला राष्ट्रीय युद्ध श्रम मंडळ स्थापन झालं. बारा सदस्य: चार जनतेच्या वतीनं, चार मालकांचे, चार कामगारांचे. अध्यक्ष विल्यम डेव्हिस.

त्या जुलैत छोट्या पोलाद कंपन्यांच्या प्रकरणात मंडळानं एक सूत्र ठरवलं, ते 'लिटल स्टील' म्हणून ओळखलं जातं. जानेवारी 1941 पासून मे 1942 पर्यंत राहणीमानाचा खर्च पंधरा टक्के वाढला, म्हणून पगारही तेवढेच वाढतील. पोलाद कामगारांनी दिवसाला एक डॉलर वाढ मागितली होती. हाती पडले चव्वेचाळीस सेंट. ऑक्टोबर 1942 मध्ये तर पगार गोठवण्याचा कायदाच झाला. मग गंमत अशी झाली की मालक द्यायला तयार, कामगार घ्यायला तयार, तरी मंडळाच्या मंजुरीशिवाय पगार वाढवता येईना. कंपनी आणि युनियन एकाच अर्जावर सह्या करून मंजुरी मागू लागल्या. असे चार लाखांवर अर्ज मंडळाकडे आणि त्याच्या विभागीय मंडळांकडे आले. माझ्या नोकरीत साहेबाची आणि युनियनच्या सेक्रेटरीची सही एका कागदावर मी फक्त लग्नाच्या आहेराच्या यादीत पाहिली.

या मंडळाची भलामण मी करत नाही. त्याचं सूत्र कडक होतं आणि महागाई त्याच्या पुढं धावत होती. 1944 च्या सुरुवातीला कामगार प्रतिनिधी जॉर्ज मीनी आणि आर. जे. थॉमस यांनी हिशेब मांडला की राहणीमानाचा खर्च 43 टक्क्यांहून जास्त वाढलाय. सरकारी निर्देशांक सुमारे 23 टक्केच दाखवत होता. कोणता आकडा खरा यावर बराच वाद झाला. पण वाद घालायला टेबल होतं आणि टेबलाच्या एका बाजूला कामगारांचे चार जण हक्कानं बसलेले होते, हे विसरू नका.

त्या मंडळाचा एक निकाल तर मी पोराला वाचून दाखवला. जून 1943, टेक्सासमधली एक तेल कंपनी. तिच्या पगारपत्रकात 'काळा मजूर' आणि 'गोरा मजूर' असे दोन वर्ग होते; काम तेच, दर वेगळा. मंडळानं दोन्ही वर्ग रद्द केले आणि सगळ्यांना नुसतं 'मजूर' म्हणून एका दरात बसवलं. टेक्सासमध्ये, 1943 साली! पोरगा म्हणाला, "काका, आपल्याकडे पण दोनच वर्ग आहेत. कायम आणि ठेकेदाराचा." मी गप्प बसलो.

आता लॉस एंजेलिस, कारण तिथं माझ्याच जातीची माणसं होती. जातीची म्हणजे खांबावर चढणाऱ्यांची. मंडळानं डिसेंबर 1942 मध्येच सांगून टाकलं होतं की राज्य सरकारं आणि महापालिका यांच्या नोकरांचे तंटे आमच्या कक्षेत येत नाहीत. खासगी वीज कंपनीचा लाईनमन मंडळापुढं जाऊ शकत होता, महापालिकेचा नाही. लॉस एंजेलिसचं पाणी आणि वीज खातं महापालिकेचं. फेब्रुवारी 1944 मध्ये तिथल्या वीज कामगारांनी पगारासाठी संप केला. विमानांचे कारखाने त्याच शहरात होते. 23 फेब्रुवारीला रूझवेल्ट यांनी वीज यंत्रणा लष्कराच्या ताब्यात दिली आणि संप संपला.

ज्यांना दार होतं ते अर्ज घेऊन दाराशी रांगेत उभे राहिले. ज्यांना दार नव्हतं त्यांच्याकडे फौज आली. फौजेनं तारा ओढल्या असतील नसतील, पण पगाराचा प्रश्न फौजेचा नव्हता.

आपल्याकडची पुढची गोष्ट मनमाडकराला सांगायला नको. माझं बालपण इथल्या रेल्वे वस्तीत गेलं. डिसेंबर 1971 मध्ये आई खिडक्यांना काळा कागद चिकटवत होती, ते मला लख्ख आठवतं. ते युद्ध तेरा दिवसांत संपलं. त्यासाठी 3 डिसेंबरला पुकारलेली आणीबाणी मात्र उठली मार्च 1977 मध्ये. मधल्या काळात, मे 1974 मध्ये, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा देशव्यापी संप झाला. मागण्यांत बोनस होता, आठ तासांचा दिवस होता. संप वीस दिवस चालला आणि हजारो कामगारांना अटक झाली. त्यातल्या कितीतरी अटका भारत संरक्षण नियमांखाली होत्या, म्हणजे पाकिस्तानशी झालेल्या युद्धासाठी जागवलेल्या नियमांखाली. मी बारा वर्षांचा होतो. वस्तीतल्या बायका स्टेशनच्या दिशेनं बघत उभ्या असायच्या, कारण रेल्वे वस्तीत गाडीचा आवाज नाही म्हणजे मूल रडायचं थांबल्यासारखं वाटतं. जीव घाबरा होतो.

म्हणून तुम्ही जेव्हा 'युद्धजन्य परिस्थिती पुरती' असं म्हणता, तेव्हा माझ्या वयाचा माणूस कॅलेंडर बघतो.

त्या 81-अ नियमातली देण्याघेण्याची जोडी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात आली होती. त्यात 'लोकोपयोगी सेवा' असा वेगळा कप्पा होता: रेल्वे, टपाल, पाणी, वीज. या सेवेत संपाची रीतसर नोटीस द्यावी लागे. पण कलम दहामध्ये एक ओळ होती, ती आम्हाला युनियनच्या शिबिरात घोकून घेतली होती. लोकोपयोगी सेवेत नोटीस आली, की ती पोरखेळ म्हणून किंवा त्रास द्यायला दिलेली नसेल, तर सरकारनं तंटा निवाड्याला पाठवायचाच. त्यातून पळवाटा निघत, सरकारं वर्षानुवर्षं कागद दाबून ठेवत, हे मी अनुभवानं सांगतो. तरी ती ओळ होती आणि तिच्या आधारानं कोर्टात जाता येई.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. आता चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच आस्थापनांना आहे. सलोखा फसला तर कोणत्याही पक्षाला थेट न्यायाधिकरणात जाता येतं, ही सोय चांगली आहे आणि मी ती नाकारत नाही. पण लोकोपयोगी सेवेसाठी सरकारवर जी सक्ती होती ती गेली. मेस्मा मात्र जागच्या जागी आहे. जानेवारी 2023 मध्ये वीज कामगारांचा संप झाला तेव्हा तो लावलाच होता. तो संप पगाराचा नव्हता, समांतर वीज परवान्याच्या (त्याच भागात दुसऱ्या कंपनीला वीज विकू देण्याच्या) विरोधातला होता आणि पहिल्याच दिवशी चर्चेनंतर मिटला, पण आदेश निघायला वेळ लागला नाही. तो आदेश मी वाचलाय. कोणी काय करायचं नाही ते सगळं त्यात आहे. त्यांचं म्हणणं कोण, किती दिवसांत ऐकणार, यावर एक ओळ नाही.

युद्ध कशाला, कोरोना बघा. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊ वाजता देशानं नऊ मिनिटं दिवे घालवले. तेवढ्यात देशाची विजेची मागणी एकतीस हजार मेगावॅटहून अधिक उतरली आणि पुन्हा चढली. ग्रीड सांभाळणारी माणसं त्या नऊ मिनिटांत काय श्वास घेत होती ते त्यांनाच ठाऊक. मी सबस्टेशनवर रेडिओ कानाला लावून बसलो होतो आणि फिडर (सबस्टेशनवरून पुढं वीज नेणारी लाईन) पडला नाही म्हणून देवाचं नाव घेतलं. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता गोठवला, 1 जानेवारी 2020 पासून 30 जून 2021 पर्यंत. नंतर तो सतरावरून अठ्ठावीस टक्क्यांवर आला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. युद्धात जन्मलेला भत्ता संकट आल्यावर पहिला गोठला. आजोबा असते तर म्हणाले असते, दोन आणे दिले त्यांनी, तुम्ही ते पण परत घेतले.

यावर तुम्ही म्हणाल, युद्धात सगळ्यांनीच झळ सोसायची. मान्य. पगारवाढीनं महागाई भडकते, म्हणून लगाम हवा, हेही मान्य. रूझवेल्टनंही त्याचसाठी लगाम लावला होता. आजही पगारवाढीला मंजुरी लागतेच. सरकारी कंपनीचा करार ऊर्जा खात्याच्या संमतीनं होतो, आणि त्याचा खर्च वीजदरात किती धरायचा हे वीज नियामक आयोग बघतो. मंजुरी मागायला आमची ना नाही. मागायची कुठे आणि उत्तर किती दिवसांत, एवढंच विचारतोय.

आणि हे विचारतोय ते माझ्यासाठी नाही, माझी पेन्शन जी काय आहे ती ठरलेली आहे. त्या पोरासाठी विचारतोय. तो ठेकेदाराकडे वाढ मागतो. ठेकेदार म्हणतो निविदेतला दर वाढला की देतो. तो कंपनीकडे जातो. कंपनी म्हणते तुझा मालक ठेकेदार. लाईन बंद असल्याचा परमिट हातात घेऊन, तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावून तो वर चढतो तेव्हा त्याच्या शेजारी कायम वायरमन असतो, तीच तार, तोच वारा. सर्वोच्च न्यायालयानं 26 ऑक्टोबर 2016 ला पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात समान कामाला समान वेतन मान्य केलं, ते त्याच्या पगारपत्रकापर्यंत अजून पोचलेलं नाही. युद्धात तारापूरकडे किंवा उरणकडे रात्री फिडर पडला तर पहिला निरोप कुणाला जाईल? त्यालाच, कारण कायम वायरमन आता मोजकेच उरलेत.

म्हणून मेस्मात दुरुस्ती करा. वीज, पाणी, वाहतूक यांत संपबंदीचा आदेश जेव्हा निघेल, त्याच आदेशात वेतनाचं गाऱ्हाणं ऐकणाऱ्या त्रिपक्षीय मंडळाची नावं असू द्या. कामगारांचे प्रतिनिधी संघटनांनी निवडलेले असोत, सरकारनं नेमलेले नकोत. मंडळानं तीस दिवसांत उत्तर द्यावं. दिलं नाही, तर संपबंदी तिथंच संपावी. हेच कलम तुमच्यातल्या बऱ्याच जणांना खटकेल आणि मला नेमकं तेच हवंय. निकाल आदेशाच्या तारखेपासून लागू धरावा, म्हणजे वेळकाढूपणात कुणाचा फायदा राहणार नाही. आणि लॉस एंजेलिस होऊ नये म्हणून ठेकेदाराच्या माणसाला त्या मंडळापुढं मूळ कंपनीविरुद्ध उभं राहता आलं पाहिजे. कायम माणसांसाठीच दार ठेवाल तर ते न ठेवल्यासारखंच आहे.

विम्याचंही बघा. अमेरिकेच्या मंडळानं पगार गोठवले, पण आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाची मर्यादित सोय त्या मर्यादेबाहेर ठेवली होती, आणि तिथं मालकानं विमा काढण्याची रीत त्यातून फोफावली. पगार वाढवायला तिजोरी नाही म्हणत असाल, तर खांबावरून पडणाऱ्या माणसाच्या विम्याला तरी ती असू द्या.

अधिवेशनात हे मांडायचं तुमच्यापैकी कुणी मनावर घेतलं, तर 81-अ ची प्रत, कलम दहाची ती जुनी ओळ आणि टेक्सासचा निकाल असं सगळं मी फाईल लावून ठेवलं आहे. पोरानंच झेरॉक्स काढून दिल्या. पैसे घेतले नाहीत त्यानं. म्हणाला, पगार वाढला की घेतो.

कळावे,

आपला,
एक निवृत्त वायरमन, मनमाड